तिकडे किती वाजले?

वसुधाताईंनी दार उघडलं आणि माझं नाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "आत ये, बस, आणि काहीही झालं तरी सहा वाजेपर्यंत मला झोपू देऊ नकोस."

दुपारचे तीन वाजले होते. मी खोली बघायला आले होते. दिल्लीतल्या आपल्या राज्य सरकारच्या अतिथिगृहाच्या उपाहारगृहात मी रविवारी जेवायला जायची. तिथल्या भिंतीवर एक चिठ्ठी लावलेली होती : 'द्वारका. आईच्या सोबतीला मराठी मुलगी हवी. शिकणारी असल्यास उत्तम.' त्याखालचा पत्ता वहीच्या पानावर उतरवून मी नव्या मेट्रोने गेले, दोनदा चुकीच्या सोसायटीत शिरले आणि शेवटी घामाघूम होऊन चौथ्या मजल्यावर पोचले. समोर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाई उभ्या. केस आखूड, डोळे लाल, कुर्ता उलटा घातलेला. मला वाटलं, मी चुकीच्या वेळी आले. परत जावं का, असा विचार करत मी चप्पल काढू की नको अशी उभी राहिले.

आतून आवाज आला, "घाबरू नकोस पोरी, ये. परवाच अमेरिकेहून आलीय ती. अंगात अजून तिकडची रात्र आहे तिच्या."

त्या आजी. वसुधाताईंच्या आई. सोफ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

वसुधाताई बसल्या नाहीत. बसलं की झोप लागते म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुला गप्पा मारता येतात?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

"अच्छा. मग नाव, गाव, वडील काय करतात, एवढं तरी सांग. त्यात पाच मिनिटं जातील. पुढचे तीन तास आपण बघू."

मी वाशीमजवळच्या एका गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या दिवसापर्यंत दिल्लीत मी कुणाशी सलग पाच मिनिटंही बोलले नव्हते. कॉलेजात सगळे हिंदी नाहीतर इंग्रजी बोलायचे आणि मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. पण मराठीत विचारल्यावर मी बोलू लागले. बाबांची पिठाची गिरणी आहे, हे सांगितलं. आमच्याकडे घड्याळ कुणी बघत नाही, भारनियमनाच्या वेळेवर दिवस चालतो, हेही सांगितलं. वीज गेली की बायका डबे रांगेत ठेवून घरी जातात आणि वीज आली की बाबा झाकण बघून ओळखतात, हा डबा कुणाचा. बाबांनी दिल्ली कधी पाहिलेली नाही. फोन केला की ते पहिल्यांदा एकच विचारतात, "तिकडे किती वाजले वं?"

वसुधाताईंचे मिटत आलेले डोळे उघडले. "दिल्लीत?"

"हो."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, बाबा, तिकडे जितके तितकेच इकडे."

त्या इतक्या हसल्या की शेवटी खाली बसल्याच. आजीही हसल्या. सहा वाजले तेव्हा मेथी निवडून झाली होती, माझा चहा दोनदा झाला होता आणि मला खोली मिळाली होती. "चलो," वसुधाताई म्हणाल्या, "आज नऊपर्यंत तग धरला की मी भारतात परत आले."

त्या गुडगावच्या एका कंपनीत होत्या. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांची कागदपत्रं इथे संगणकावर तपासली जायची आणि ते काम इकडच्या लोकांनी कसं करायचं, हे तिकडे जाऊन समजून घ्यायचं काम ताईंचं. दीड-दोन महिन्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन-तीन आठवडे. तिकडे आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. म्हणजे सगळंच उलटं. इथे सकाळचे साडेनऊ, तर तिथे आदल्या रात्रीचे नऊ.

कंपनीत नव्याने परदेशी निघालेली मुलं सल्ल्यासाठी त्यांना फोन करायची. ताई बाल्कनीत उभ्या राहून त्यांना बजावायच्या. मला ते सगळं पाठ झालं होतं. "यार, विमानात चहा-कॉफी बंद. पाणी पी. बसल्या बसल्या घड्याळ तिकडचं करून टाक. जिथं पाय, तिथं घड्याळ. आणि घरी आता किती वाजले असतील, हे मोजायचं नाही. मोजलंस की मेलास. उतरलास की ऊन अंगावर घे, अनवाणी चाल. झोप आली तर उभा राहा. रात्रीचे नऊ वाजेपर्यंत पलंगाकडे बघायचंसुद्धा नाही. पहिली झोप अखंड मिळाली की शरीर तिथलं झालं. ती मोडली की आठवडा गेला, बिल्कुल गेला."

फोन ठेवला की आजी आतून म्हणायच्या, "त्या मुलांना जेवायचं काय ते सांगत जा."

"आई, तिकडे जेवण मिळतं."

"मिळतं गं. पण पोटाला कळतं का, कुठलं जेवण आलं ते?"

जायच्या तीन दिवस आधीपासून ताईंचं इथलं वेळापत्रक बदलायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सातला जेवण, दुसऱ्या दिवशी पाचला, तिसऱ्या दिवशी तीनला. शेजारच्या खुराना आंटी कढी घेऊन आल्या की ताई झोपलेल्या. "वसुधा तो मुर्गियों से भी पहले सो जाती है," असं म्हणत त्या कढीचं भांडं आजींच्या हातात द्यायच्या. परत आल्यावर पहिलं जेवण ठरलेलं : मऊ भात, मेतकूट, तूप. त्यावर मात्र ताईंनी कधी वाद घातला नाही. त्या भाताचा वास आला की पोटाला कळतं, द्वारका आली, असं त्यांनीही मानलं होतं.

परतल्यावरचे तीन दिवस दुपारी तीन ते सहा ही माझी कामगिरी. कॉलेजातून मी धावत यायची. कधी त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची, कधी त्यांच्याबरोबर सोसायटीला फेऱ्या घालायची. आजूबाजूला नव्या इमारती उभ्या राहत होत्या. लावलेली झाडं गुडघ्याएवढीच होती, त्यामुळे सावली कुठेच नव्हती, पण ताईंना ऊनच हवं असायचं. डोक्यावरून विमानं इतकी खाली उतरायची की बोलणं थांबवावं लागे. विमान गेलं की ताई म्हणायच्या, "बघ, आलं आपलं मंडळ. सगळे उद्या दुपारी तीनला मरणार."

मी वर्गात बोलत नाही, हे कळल्यावर त्यांनी माझा निबंधच माझ्याकडून उभ्याने म्हणवून घेतला. मी दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी हात वर केला. "थांब. तू माफी मागितल्यासारखी का बोलतेस? तुझं काय चुकलंय?"

"काही नाही."

"मग चुकलं नाही तसं बोल."

झोपेने डोलणाऱ्या बाईसमोर बोलणं सोपं असतं. आपलं चुकलं तरी तिला कळेलच असं नाही. त्या दुपारींनी मला बोलायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला तेव्हा मनात ताईंचं "तुझं काय चुकलंय?" होतं. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "अरे वा! माझ्या झोपेचा कुणाला तरी उपयोग झाला."

आजींच्या देव्हाऱ्यात समईच्या मागे एक गजराचं जुनं घड्याळ असायचं. ते अनेकदा चुकीची वेळ दाखवायचं. एकदा ताई परदेशी होत्या तेव्हा देव पुसताना मी ते बरोबर लावून ठेवलं. मला वाटलं, आजींना आवडेल. आजी पूजेला बसल्या आणि माझ्यावर पहिल्यांदाच रागावल्या.

"कुणी हात लावला याला?"

"मागे पडलं होतं आजी, म्हणून..."

"मागे नाही पडलेलं. ते वसूचं आहे." त्यांनी ते हातात घेतलं, माझ्या मनगटाकडे बघून बोटांवर काहीतरी मोजलं आणि काटे पुन्हा अर्धा तास उलटे फिरवले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला सांगू नकोस हं. रागावते."

ताई जायच्या त्या दिवशी आजी ते घड्याळ तिकडचं करायच्या आणि ताई यायच्या त्या दिवशी इकडचं. ताई म्हणायच्या, घरी किती वाजले हे मोजायचं नाही. आणि घरी आजी दिवसभर तेच मोजत बसायच्या. सकाळी साडेनऊला हातातलं काम टाकून म्हणायच्या, "आता पडली असेल." आणि स्वतःही जरा आडव्या व्हायच्या. रात्री नऊला मला म्हणायच्या, "ऑफिसात असेल. मीटिंगा असतील." मग त्यांना लवकर झोप यायची नाही. ताईंना एकदा संशय आला होता. "आई, तू तिकडे येत नाहीस, मग तिकडच्या वेळेनं कशाला जगतेस? इथं आजारी पडशील." आजी म्हणाल्या, "मी कुठे? मी तर देवाच्या वेळेनं जगते." ते तसं खोटंही नव्हतं, कारण घड्याळ देवामागेच होतं. विमानात एकदाही न बसलेल्या त्या बाईंचं शरीर दर दोन महिन्यांतले पंधरा-वीस दिवस अमेरिकेत असायचं.

ताई जाताना फ्रिजवर एक कागद लावून जायच्या. त्यावर हॉटेलचं नाव आणि फोन नंबर. खाली लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेलं : 'पहिल्या रात्री फोन नाही.' विमानतळावरून त्यांचा एक फोन यायचा, पोचले म्हणून. त्यानंतर मोबाइल बंद. पहिली झोप झाल्यावर त्यांचा दुसरा फोन. मधल्या वेळात घरातून कुणी फोन करायचा नाही. आजींनी आणि मी हा नियम कधी मोडला नव्हता. मोडावा असं कारणच आलं नव्हतं.

यापुढचं मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण हे लिहिल्याशिवाय ताईंविषयी काहीच लिहिल्यासारखं होणार नाही.

दसऱ्याच्या आधीचा सोमवार होता. ताई शनिवारी उशिरा निघाल्या होत्या. सोमवारी पहाटे साडेपाचला त्यांचा विमानतळावरून फोन आला. आजी आधीच उठून फोनजवळ बसल्या होत्या.

"पोचले गं. मस्त ऊन आहे. आता नऊपर्यंत चालतच राहणार."

"जेवलीस का?"

"हो. ठेवते आई. उद्या बोलू."

एवढंच बोलणं झालं. साडेनऊला आजी देव्हाऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पडली आता." आणि स्वतः आडव्या झाल्या. त्या दिवशी माझा पहिला तास नव्हता. दहाच्या सुमारास त्यांनी हाक मारली. छातीवर कुणी वरवंटा ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. चेहरा घामाने भिजला होता. मी खुराना आंटींचं दार वाजवलं. त्यांनी गाडी काढली आणि आम्ही पुढच्या सेक्टरमधल्या एका नर्सिंग होममध्ये पोचलो. फ्रिजवरचा कागद मी निघताना ओढून घेतला होता.

डॉक्टर तपासून बाहेर आले. म्हणाले, "भर्ती करना पड़ेगा. अभी तो ठीक हैं, लेकिन घरवालों को बता दीजिए."

मी कागद हातात घेऊन आजींजवळ गेले. नाकाला नळी होती, पण बोलत होत्या. माझ्या हातातला कागद त्यांनी ओळखला.

"तिकडे किती वाजले?"

साडेअकरा झाले होते. मी मोजलं. "रात्रीचे अकरा, आजी."

"आत्ताच झोपलीय. नको उठवू. पहिली झोप आहे तिची."

खुराना आंटी बाहेर मला म्हणाल्या, "बेटा, फोन कर दे. माँ है."

मी म्हणाले, "आंटी, आजीने मना किया है. और डॉक्टर ने कहा, ठीक हैं." संध्याकाळी सहाला फोन करायचा, असं मी ठरवलं. तिकडे साडेपाच झालेले असतील. ताई उठलेल्या असतील, झोप पूर्ण झालेली असेल आणि मी त्यांना नीट सांगेन. मला तेव्हा वाटलं होतं, मी फार समजूतदारपणे वागतेय. मी गावाहून दिल्लीपर्यंत आले ती सूचना नीट वाचून आणि तंतोतंत पाळून. अर्ज वेळेत, रकाने स्वच्छ, खाडाखोड नाही. लाल शाईने लिहिलेलं कुणी मोडतं, हे माझ्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं.

दीड वाजता आजींनी डोळे उघडले. "किती वाजले गं तिकडे?"

"एक, आजी. रात्रीचा एक."

"अं," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

साडेतीनला त्या पुन्हा जाग्या झाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. मी कान जवळ नेला.

"उठली असेल का गं?"

मी हिशेब केला. आणि ताईंनी शिकवल्याप्रमाणे, न अडखळता, काही चुकलं नाही अशा आवाजात बोलले. "नाही आजी. तिकडे पहाटेचे तीन वाजलेत. अजून दोन-तीन तास झोपतील ताई. तुम्ही काळजी करू नका."

आजींनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर एक विमान उतरत होतं. ते जाईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

साडेचारला नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. पाच वाजून गेल्यावर डॉक्टर आले आणि त्यांनी खुराना आंटींना बाजूला घेतलं. मला आंटींच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

नर्सिंग होमच्या काउंटरवरून मी फोन लावला. हॉटेलच्या माणसाला ताईंचं नाव सांगताना माझं इंग्रजी सगळं पळून गेलं. फक्त "मदर, मदर" एवढंच म्हणत राहिले. त्याने जोडून दिला. घंटा पुरती एकदाही वाजली नाही.

"बोल."

तो झोपेतून उठलेल्या माणसाचा आवाज नव्हता. मी म्हणाले, "ताई, झोपमोड केली..."

"झोपमोड कसली? तीनपासून जागी आहे मी. पहिल्या रात्री मला तीनच्या पुढे कधीच झोप लागत नाही गं. काय झालं? आई ठीक आहे ना?"

पुढचं मी काय बोलले ते मला आठवत नाही. मग ताईंनी अगदी हळू विचारलं, "आता तिकडे किती वाजले?" घरची वेळ विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

त्या बुधवारी सकाळी पोचल्या. तोपर्यंत आजींना थांबवून ठेवलं होतं. अग्नी ताईंनीच दिला. पुण्याचे कुणी चुलते येणार होते, ते दुसऱ्या दिवशी आले. आम्ही घरी परतलो. खुराना आंटींनी खिचडी आणून ठेवली. ती तशीच राहिली.

दुपारचे तीन वाजले. ताई सोफ्यावर आजींच्या जागी बसल्या होत्या. दोन दिवस त्या झोपल्या नसाव्यात. डोळे मिटत होते, मान झुकत होती. मी समोर उभी होते. सवयीने मला वाटलं, त्यांना जागं ठेवायला हवं. मग वाटलं, आज झोपू द्यावं. मी तिथेच घुटमळत राहिले. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "काहीतरी सांग गं. नेहमीसारखं."

मी सगळं सांगितलं. आधी ठरवलं होतं की आजी फक्त 'झोपू दे तिला' म्हणाल्या, एवढंच सांगायचं. ते खोटं नव्हतं. पण ताईंसमोर अर्धं सांगणं मला जमलं नाही. आजींनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा वेळ सांगितली, हे मी सांगितलं. आजी मला वेळ विचारत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं नाही, हेही सांगितलं.

ताईंचे डोळे आता पूर्ण उघडे होते. "तीन वाजता काय म्हणाली? पुन्हा सांग."

"उठली असेल का गं, म्हणाल्या."

त्या म्हणाल्या, "मी खिडकीशी बसले होते. हातात फोन होता. म्हटलं, आईला लावावा. मग वाटलं, ती विचारेल, झोपली का नाहीस. मला तिकडे झोप लागत नाही, हे तिला कधी सांगितलंच नव्हतं मी. उगाच काळजी करत बसली असती. म्हणून नाही लावला."

मला रडू आलं. मी म्हणाले, "माझं चुकलं, ताई."

त्यांनी हात वर केला, निबंध म्हणताना थांबवायच्या तसा. पण 'तुझं काय चुकलंय' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी तसं म्हटलं असतं, तर मला ते पटलंही नसतं. त्या म्हणाल्या, "आपण तिघींनी एकमेकींची झोप सांभाळली. बघ काय झालं."

मग त्या उठल्या. दिवा लावायला देव्हाऱ्याशी गेल्या आणि समईमागचं घड्याळ त्यांना दिसलं. "हे बंद आहे का?" त्यांनी ते कानाला लावलं. ते चालू होतं. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, फरक बरोबर अर्ध्या तासाचा होता, आणि मग मला काही सांगावं लागलं नाही. ते घड्याळ पोटाशी धरून त्या देव्हाऱ्यासमोर जमिनीवर बसल्या. सहा वाजेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. त्या दिवशी त्यांना जागं ठेवायची गरज पडली नाही. मी आत जाऊन मऊ भात लावला. मेतकुटाची बरणी उघडली, तर ती आजींनी नुकतीच भरून ठेवलेली होती.

त्यानंतर ताई सल्ले देईनाशा झाल्या. एखाद्या मुलाचा फोन आलाच, तर म्हणायच्या, "पाणी पी. आणि पोचलास, झोप नाही आली, तर घरी फोन कर. कितीही वाजलेले असोत. बाकी मला काही येत नाही." पुढच्या वर्षी कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी तिकडेच बोलावलं. आधी त्या आईसाठी नाही म्हणायच्या. आता हो म्हणाल्या. मला कॉलेजजवळ एका मैत्रिणीबरोबर खोली मिळाली. निघताना ताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. देव्हाऱ्यातलं घड्याळ त्यांनी हातातल्या पिशवीत घेतलं होतं. मी न राहवून विचारलं, "ते तिकडचं करणार?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ते आता इकडचंच राहील."

सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. त्यांच्या पहाटे तीनला, म्हणजे माझ्या दुपारी साडेतीनला. तास संपवून मी जिन्यात उभी असायची. "काहीतरी सांग गं," त्या म्हणायच्या, "झोप लागेपर्यंत." मग मी गिरणीचं सांगायची, डब्यांचं सांगायची. कधीकधी पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मी हळूच फोन ठेवायची. हळूहळू ते फोन कमी झाले. यंदाच्या दिवाळीत मी लावला, तर तो नंबर लागला नाही. आता त्यांना तीनच्या पुढेही झोप लागत असेल, असं मी समजते. तसं समजल्याशिवाय माझी ती दुपारची वेळ जात नाही.

बाबांचा फोन अजून येतो. मागून गिरणीचा आवाज असतो, त्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागतं. आधी माझी मैत्रीण त्यांचं ते वाक्य ऐकून हसायची, मीही हसायची.

"तिकडे किती वाजले वं?"

"जागी आहे मी, बाबा," मी सांगते. "बोला."

गिरणी बंद केल्याचा आवाज येतो. मग ते बोलतात.